नागांच्या गावची सून, मोऱ्यांच्या समुद्रात

“तुमच्या गावात नागाक हातात घेतत, आणि तुम्ही पाण्याक घाबरतास?” मालवणला ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या मावशी मला हसून विचारत होत्या. मी काय उत्तर देणार? बत्तीस शिराळ्याची सून म्हटलं की लोक समजतात, हिच्या पदरालाच नाग बांधलेला असणार. खरं सांगायचं तर लग्न होऊन मी शिराळ्याला आले तेव्हा पहिल्या नागपंचमीला माडीवरची खिडकी धरून उभी होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, भाऊ आहे तो आपला, खाली ये.” मी काही खाली गेले नाही. आणि पाण्याचं म्हणाल तर माहेरी भावांना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडायचे, तेव्हा आम्ही बहिणी त्यांचे कपडे सांभाळत काठावर बसायचो. मुलींनी विहिरीत उतरायची रीत नव्हती. मोरणा नदीला पूर आला तरी मी पुलावरून बघते, तेही कठड्यापासून हातभर लांब राहून.

अशी मी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाऊन आले. हौस म्हणून गेले नाही, नाइलाज होता.

आमच्या थोरलीनं प्राणिशास्त्रात पदवी घेतली. पुढं बी.एड. करील, जवळपासच्या शाळेत लागेल, असा आमचा हिशेब. पण कॉलेजच्या सहलीबरोबर ती मालवणला गेली आणि तिथंच तिचं मन बसलं. पाण्याखाली पोहण्याचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचं शिक्षण तिनं घेतलं आणि आता ती पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं काम करते. नातेवाइकांत पहिली दोन वर्षं आम्ही “मुलगी कोकणात नोकरीला आहे” एवढंच सांगत होतो. मग कराडकडचं एक चांगलं स्थळ आलं. पत्रिका जुळली, बघणं झालं आणि आठ दिवसांनी निरोप आला – मुलगी छान आहे, पण शार्क माशांच्या पाण्यात उड्या मारणारी सून आमच्या घरात कशी चालायची?

त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी लेकीशी फोनवर बोलणं टाकलं. चार महिने! गंमत अशी की तिला पोहायला शिकवलं ह्यांनीच. आमच्या मळ्यातल्या विहिरीत, कमरेला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. मी आरडाओरडा करीत होते तेव्हा हेच म्हणाले होते, “पोरगी म्हणून काय झालं? विहीर कुणाला विचारून बुडवती का?” आता तेच रात्री गच्चीत येरझाऱ्या घालीत म्हणायचे, “चूक माझीच.” शेवटी डिसेंबरात एक दिवस मला म्हणाले, “तू जाऊन ये. डोळ्यांनी बघ. धोक्याचं असलं तर तिला घेऊनच ये.”

झालं! धाकट्या जावेला सोबत घेतलं, लाडूचा डबा भरला आणि कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करीत आम्ही दोघी मालवणला पोचलो. घाट उतरताना जाऊबाईंचं पोट डचमळलं, ते समुद्र दिसेपर्यंत. त्यामुळं पाण्यात उतरायला एक माणूस तिथंच कमी झालं.

बाजारात दिसलेली मोरी

शार्क म्हटलं की आपल्यासमोर १९७५ सालचा तो ‘जॉज’ सिनेमा येतो. मालवणच्या बायकांसमोर आमटी येते! शार्कला तिकडं मोरी म्हणतात, कुठं मुशी म्हणतात. डोक्याला दोन्हीकडं कान फुटल्यासारखी दिसते ती कानमुशी. सकाळी बंदरावर लिलाव चालतो तिथं लेक मला घेऊन गेली. बांगडे, सौंदाळे, इसवण यांच्या टोपल्यांमधून एका टोपलीत हातभर लांबीच्या करड्या मोऱ्या पडल्या होत्या. मला वाटलं जातच लहान असेल. लेक म्हणाली, “काही जाती लहानच असतात आई, पण यांतली ही पोरं आहेत. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आया पिल्लं घालून जातात, आणि तिथंच जाळी पडतात.”

पापलेट, बांगडा यांची मादी अंडी घालते ती लाखांनी. शार्कचं तसं नाही. कित्येक जातींत मादीला गर्भ राहतो, कित्येक महिने ती तो वागवते, आणि मोजकी पिल्लं जन्माला येतात. मोठ्या जातींच्या पिल्लाला वयात यायलाही पुष्कळ वर्षं लागतात. एकदा संख्या घटली की भरून यायला पिढ्या जातात. माणसं दर वर्षी सुमारे १० कोटी शार्क मारतात, असा एक अंदाज २०१३ साली शास्त्रज्ञांनी मांडला होता. उलट जगभरात शार्कनं आपण होऊन केलेल्या हल्ल्यात दगावणारी माणसं वर्षाला पाच-सहा, फार झाली तर दहा-बारा.

मी हे वहीत लिहून घेत होते तेव्हा लेकीनं हळूच दुसरा आकडा सांगितला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला ५८ हजार! “आणि आई, स्थळवाल्यांच्या घराभोवती ऊसच ऊस आहे,” ती म्हणाली. आता याच्यावर काय बोलायचं?

मोरीबद्दल एक गोष्ट गृहिणी म्हणून सांगायला हवी. किनारपट्टीला बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खायला घालायची पद्धत आहे. मावशींनीही त्यांच्या तिन्ही बाळंतपणांत खाल्ली. पण मोठे मासे लहान माशांना खाऊन वाढतात आणि पाण्यातला पारा त्यांच्या अंगात साठत जातो. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क खाऊ नये, असं डॉक्टर सांगतात. बांगडा, तारली यांसारखे लहान मासे त्यापेक्षा पुष्कळ बरे, आणि स्वस्तही. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “माझी पोरां बघ कशी धट्टीकट्टी हत.” वाद घालण्यात अर्थ नव्हता, मीही आजवर डॉक्टरांपेक्षा सासूबाईंचंच जास्त ऐकलं आहे.

गळ्यातलं काढायचं का?

पाण्यात उतरायचा माझा मुळीच विचार नव्हता. काठावरून बघायचं आणि परत यायचं. पण दोन दिवस काठावरून मला दिसलं काय? बोट जाते, माणसं पाण्यात दिसेनाशी होतात, अर्ध्या-पाऊण तासानं हसत वर येतात. ह्यांना मी काय सांगणार होते – वर येतात म्हणून? तिसऱ्या रात्री मीच म्हटलं, “मला ने.”

लेक नको म्हणाली नाही, पण आनंदानं उडीही मारली नाही. तिनं एक छापील फॉर्म माझ्यासमोर ठेवला. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालं आहे का, गरोदर आहात का, कोणती औषधं चालू आहेत... एकाही प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय पाण्यात न्यायचं नाही. मला नुसती सर्दी झाली होती. तेवढ्यानं तिनं मला आणखी दोन दिवस बसवून ठेवलं. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब सुटत नाही आणि पडदा फाटू शकतो. परकी असती तर वाटलं असतं, बाई फार कडक आहे. माझीच असल्यामुळं वाटलं, ही माझ्यापेक्षा सावध झाली कधी?

दुसरा नियम असा की घरच्या माणसाला घरच्यानं घेऊन उतरायचं नाही. मन अडकतं म्हणे. त्यामुळं मला न्यायला एक कोळ्याचा मुलगा होता, आणि लेक शेजारून येणार होती. त्याचे वडील रापण ओढायचे. किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसं मिळून ओढतात ते मोठं जाळं म्हणजे रापण. तिथल्या अशा पुष्कळ मुलांना हे शिक्षण मिळालं ते सिंधुदुर्गात २०११ ते २०१७ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं सरकारनं चालवलेल्या एका प्रकल्पातून. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं त्यात मोठं काम आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानं स्कूबा शिकवणारी संस्थाही काढली, तिथं शिकणाऱ्यांसाठी खोल तलाव बांधला आहे. त्याच प्रकल्पातून वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका होडी वल्हवीत पर्यटकांना कांदळवन दाखवायला लागल्या. होडी वल्हवणाऱ्या बायका बघून जाऊबाईंना जी उमेद आली, ती माझ्या सगळ्या पाण्याखालच्या गोष्टी ऐकूनही आली नाही!

सकाळी अंगाला घट्ट बसणारा काळा रबरी पोशाख चढवला. (तो चढवायलाच पंधरा मिनिटं लागली, आणि त्या वेळी माझा कुणी फोटो काढला नाही हे देवाचे उपकार.) लोंबणारं काही अंगावर नको, असं सांगितल्यावर माझा हात गळ्याशी गेला. सत्तावीस वर्षांत मंगळसूत्र काढलेलं नाही. त्या मुलानं नजर दुसरीकडं वळवली. लेकीनं काही न बोलता ते पोशाखाच्या आत सरकवलं, चेन वरपर्यंत ओढली आणि म्हणाली, “राहू दे आत. कानातलं मात्र काढ.”

टाकीत प्राणवायू भरलेला असतो, अशी माझी समजूत होती. तसं नाही. आपण घेतो तीच साधी हवा, पण सायकलच्या ट्यूबमध्ये ठासावी तशी, किंबहुना त्याच्या कितीतरी पट दाबून भरलेली असते. तोंडात धरायच्या नळीला एक झडप असते, ती जेवढी हवी तेवढीच हवा, हव्या त्या दाबानं देते. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी हे यंत्र बनवलं. नाक काचेच्या मुखवट्यात बंद. सगळा श्वास तोंडानं. एकच गोष्ट त्या मुलानं मला दहा वेळा बजावली : “काकी, दम धरून ठेवू नकात. घेवा, सोडा. घेवा, सोडा.” कारण खोल पाण्यात घेतलेली हवा वर येताना छातीत फुगते. दम कोंडून कुणी झटकन वर आलं तर फुप्फुसाला इजा होते. म्हणजे पाण्याखाली माणूस बुडून मरायच्या भीतीनं जे करील, नेमकं तेच करायचं नसतं.

किल्ल्याच्या सावलीत

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आमची बोट थांबली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. वर तट, बुरूज, बोरी-बाभळी. आणि खाली त्याच खडकांवर प्रवाळांची वस्ती. हा भाग १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं. कोळी समाजाचा त्याला तेव्हापासून विरोध आहे. आमची मासेमारी बंद होईल, ही त्यांची भीती. ती भीती मला खोटी वाटत नाही. शिराळ्यात नागपंचमीचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, तेव्हा घराघरांत काय वातावरण होतं ते मी पाहिलेलं आहे. कायदा तोच, १९७२ चा. नागाला वाचवायचं हे कुणी नाकारलं नाही. पण आम्हाला कुणी विचारलं का, हा प्रश्न शिराळ्यातही होता आणि मालवणातही आहे.

पाण्यात उतरल्यावर पहिली दोन मिनिटं मी ‘रामरक्षा’ आठवीत होते आणि ती अर्ध्यावर सारखी तुटत होती. छातीत धडधड. त्या मुलानं माझा खांदा घट्ट धरला होता. लेकीनं समोर येऊन आपलं नाक चिमटीत धरून दाखवलं. मी तसंच केलं, फुंकर मारली, कानात ‘टक्’ झालं आणि दुखणं थांबलं. विमानात किंवा घाटात होतं तसंच हे. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. आम्ही सहा-सात मीटरच गेलो, म्हणजे दोन मजली घर. मग एकदम सगळं शांत झालं. ऐकू येतो तो फक्त आपलाच श्वास, घागर बुडबुडावी तसा.

आणि मासे! पाण्यात काचेतून सगळं तिपटीत एक पटीनं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळं वीतभर मासाही अंगावर आल्यासारखा वाटतो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, फुलपाखरासारखे चपटे, पोपटासारखी चोच असलेले. एका कपारीतून गोबरा बाहेर डोकावत होता, दुपारच्या वेळी कोण आलं म्हणून दार किलकिलं करून बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा. माझ्या ओळखीचे मासे मी ताटातच पाहिले होते, त्यामुळं थोडं ओशाळल्यासारखं झालं.

माझ्या ब्लाउजचा लाल काठ पोशाखाच्या मनगटाशी थोडा दिसत होता. खाली तो तपकिरी, काळपट दिसायला लागला. लाल रंगाचा उजेड पाणी सगळ्यांत आधी शोषून घेतं, हे मला लेकीनं नंतर समजावलं. त्या क्षणी मात्र माझा हात कपाळाकडं गेला.

प्रवाळ म्हणजे पोवळी, हे आपल्याला ठाऊक असतं. मंगळसूत्रात ओवतो ती लाल पोवळी मात्र इथली नव्हेत. ती बहुतेक भूमध्य समुद्रातून येतात, वेगळ्या जातीची. मालवणचं प्रवाळ खडकावर चिकटलेल्या हिरवट-तपकिरी गाठींसारखं दिसतं; कुणी न सांगता बघाल तर शेवाळलेला दगड समजाल. पण तो दगड नाही आणि झाडही नाही, ते इवल्या इवल्या प्राण्यांचं गाव असतं. प्रत्येकानं आपल्याभोवती चुन्याचं घर बांधलेलं. त्यांच्या अंगात शेवाळाचा एक सूक्ष्म प्रकार राहतो, अगदी भाडेकरूसारखा. तो उन्हावर अन्न तयार करतो आणि त्यातला मोठा वाटा भाडं म्हणून घरमालकाला देतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की या दोघांचं बिनसतं. भाडेकरू जातो, प्रवाळ पांढरंफटक पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतं. १९९८ साली हे जगभर झालं, पुढं २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून पुन्हा. प्रवाळ गेलं की लहान मासे जातात, ते गेले की त्यांना खाणारे मोठे जातात. मोरीची टोपली रिकामी व्हायला जाळंच लागतं असं नाही.

त्यात आपण भर घालतो. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या एका बोटीवरून आलेला पर्यटक प्रवाळावर दोन्ही पाय रोवून फोटोसाठी उभा राहिला. जिथं तो उभा होता ती गाठ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. कुणी बिस्किटं चुरून टाकत होतं, मासे जवळ यावेत म्हणून. देवळात चप्पल घालून जाणाऱ्याला हटकतो, तसं तिथं हटकावंसं वाटलं, पण तोंडात नळी!

शार्क दिसला का, असं आल्यावर सगळ्यांनी विचारलं. नाही दिसला. एक समुद्रसाप मात्र दिसला, आणि मी ओळखला तो शेपटीवरून. वल्ह्यासारखी चपटी असते. पाण्याच्या वर जाऊन त्यानं श्वास घेतला आणि आमच्याकडं ढुंकूनही न बघता निघून गेला. याचं विष जहाल असतं, पण उगीच कुणाला चावत नाही. रापणीत आला तर कोळी त्याला शेपटीला धरून पाण्यात सोडतात. शिराळ्याच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

लेकीची ‘आंग्रिया’

रात्री अंगणात सोलकढी पीत बसलो होतो तेव्हा लेकीनं तिची खरी गोष्ट काढली. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटर, जिथं चहूकडं जमीन दिसत नाही अशा भर समुद्रात, पाण्याखाली एक पठार आहे. आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. माथ्यावर पाणी जेमतेम वीस-पंचवीस मीटर, आणि कडेला एकदम खोल. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही म्हणून पाणी नितळ. मालवणच्या किनाऱ्याला चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं. तिथं मैदानभर प्रवाळ, डॉल्फिन, निरनिराळे शार्क, आणि नशीब असेल तर व्हेल शार्क.

व्हेल शार्क हा जगातला सगळ्यांत मोठा मासा, एस.टी.एवढा किंवा त्याहूनही लांब. अंगावर पांढरे ठिपके, खडीच्या साडीसारखे. आणि खातो काय, तर पाण्यातले सूक्ष्म जीव, गाळून! १९९५ साली तैवानमध्ये पकडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशेच्या आसपास पिल्लं निघाली होती. आपल्याकडं गुजरातच्या किनाऱ्यावर यांची सर्रास शिकार व्हायची, तेल आणि मांस यांसाठी. माइक पांडे यांनी २००० साली त्यावर माहितीपट काढला, आणि २००१ साली कायद्यानं या माशाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण मिळालं. पण कायद्यानं जाळं कापतं थोडंच? २००४ साली तिथं एक मोहीम निघाली आणि मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही ‘व्हाली’ आहे, लाडकी लेक, बाळंतपणाला माहेरी येते. माहेरवाशिणीला कुणी मारतं का? कोळ्यांनी आपली महागाची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले, आणि जाळ्याची भरपाईही मिळाली. महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी भरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत.

हे ऐकताना जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सोलकढीच्या वाटीत बघत होते. माझी लेक तीन वर्षांत दिवाळी सोडली तर माहेरी आली नव्हती, आणि या दिवाळीला तीही चुकली होती.

आंग्रियाची अडचण वेगळीच आहे. वन्यजीव कायदा चालतो तो किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटरपर्यंत. आंग्रिया त्याच्या पलीकडं. तिथं हक्क देशाचा आहे, पण अभयारण्य करायचं तर दुसरा मार्ग शोधावा लागतो. शास्त्रज्ञांनी तिथं उतरून पाहण्या केल्या आहेत, संरक्षणाचे प्रस्ताव मांडले आहेत. पुढच्या वेळी अशी तुकडी गेली तर लेकीला त्यात जायचं आहे. रात्रभर बोटीचा प्रवास, आणि वीस-पंचवीस मीटर खोल उतरणं. माझ्या सहा मीटरांच्या चौपट. तिथं शार्क असतीलच.

“भीती नाही वाटत?” मी विचारलं.

“वाटते की. वाटायलाच पाहिजे. ज्याला वाटत नाही त्याला आम्ही बरोबर घेत नाही.”

मग तिनं मला युजिनी क्लार्क यांची गोष्ट सांगितली. १९२२ साली जन्मलेली ही अमेरिकन बाई, आई जपानी. लहानपणी मत्स्यालयाच्या काचेसमोर तासन् तास उभी राहायची. मोठेपणी तिनं लिंबू-शार्क जातीच्या माशांना फळीवर टोचून खाऊ मिळवायला शिकवलं, आणि शार्क निर्बुद्ध नसतो हे दाखवून दिलं. चार मुलं वाढवली. २०१४ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, शेवटचा डाइव्ह केला आणि पुढच्या वर्षी ती गेली. कोरियातल्या जेजू बेटावर तर साठी-सत्तरीच्या बायका टाकीशिवाय, नुसता दम धरून खाली जातात आणि शिंपले काढून संसार चालवतात. “आई, त्यांच्या मुलांना कुणी विचारत नसेल, तुमची आई पाण्यात उड्या का मारते म्हणून.” मी म्हटलं, “विचारत असतील गं. लोक कुठंही विचारतात.”

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते मे हा काळ. पावसाळ्यात हे बंद असतं. थंडीत पाणी जास्त नितळ. पोहता आलं नाही तरी चालतं, मला कुठं येतं? मात्र आधी तब्येतीचा फॉर्म न देता, शिकवल्याशिवाय, घाईनं पाण्यात ढकलणारे कुणी भेटले तर पैसे गेले तरी चालतील, पण बोटीतून उतरा. ते लोक स्वस्त असतात, एवढंच. डाइव्हनंतर निदान एक दिवस तरी विमानप्रवास करायचा नसतो. घाट चढायच्या आधीही रात्रभर थांबलेलं बरं, असं लेक म्हणाली, म्हणून आम्ही राहिलो.

शिराळ्याला परतलो ती संध्याकाळ होती. हे ओसरीवर बसले होते. मी एकटीच उतरले हे बघून त्यांना उत्तर कळलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. जेवताना मी सगळं सांगितलं – फॉर्म, सर्दीचे दोन दिवस, घरच्या माणसाला घरच्यानं न न्यायचा नियम. मंगळसूत्राचं सांगितलं. मान खाली घालून ते जेवत राहिले. हात धुताना विचारलं, “आंग्रियाला किती खोल?”

“वीस-पंचवीस मीटर म्हणे.”

“आपल्या विहिरीच्या दुप्पट,” ते म्हणाले, आणि गच्चीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी वर गेले तर फोन कानाला होता. मला बघून पाठ वळवली, पण आवाज आलाच : “...आणि ब्लडप्रेशरची गोळी चालू असली तर डॉक्टरची चिठ्ठी चालती म्हणालीस? कुठला डॉक्टर? आपला शिराळ्याचा चालंल का?”